वाचकांचे प्रश्न : व्यवस्थापन संस्था, आदिवासी विद्यार्थी आणि त्यांची गावे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून या वेळचा संपूर्ण स्तंभ त्या विषयाला दिला आहे. पत्रलेखकांची नावे आणि संस्था त्यांच्या विनंतीवरून गाळल्या आहेत.

प्रश्न : पुण्यातील एका व्यवस्थापन संस्थेत मी शिकवते. आमच्याकडे एम.बी.ए.च्या वर्गात दरवर्षी चार-पाच आदिवासी विद्यार्थी येतात आणि त्यांतील एक-दोघे पहिले सत्र संपण्याआधीच निघून जातात. या विद्यार्थ्यांसाठी साहाय्याचा एक आराखडा तयार करण्याचे काम संचालकांनी माझ्याकडे सोपवले आहे. इंग्रजीचे जादा वर्ग आणि प्रत्येकामागे एक मार्गदर्शक शिक्षक एवढ्यावर भागेल का?
– एक प्राध्यापिका, पुणे

उत्तर : भागणार नाही, असे मला वाटते. आराखड्याचा पहिला कागद लिहिण्यापूर्वी गेल्या तीन-चार वर्षांत जे निघून गेले त्यांना शोधून काढा आणि ते नेमके कोणत्या महिन्यात गेले एवढेच विचारा. इंग्रजी जमत नाही म्हणून जाणारा विद्यार्थी परीक्षेनंतर, निकाल हाती आल्यावर जातो. माझ्या पाहण्यातील बहुतेक मुले दिवाळीच्या सुट्टीला घरी गेली आणि परतलीच नाहीत. एका मुलाविषयी मी स्वतः अशीच चूक केली होती. तो वर्गात गप्प बसे, त्यामुळे भाषेने त्याला गाठले असे मी सहकाऱ्यांना ठामपणे सांगत असे. दोन वर्षांनी तो वाकडेवाडीच्या एस.टी. स्थानकावर भेटला, तेव्हा कळले की कॉट बेसिसच्या खोलीचे डिपॉझिट आणि दोन महिन्यांचे मेसचे पैसे थकल्याने तो गेला होता. मी त्याला काही विचारले नव्हते, आणि विचारल्याशिवाय तो सांगणार नव्हता.

पैशाची ही बाजू थोडी तपशिलात पाहायला हवी, कारण सरकारी मदत मिळते म्हणजे प्रश्न सुटला, असा संस्थांचा समज असतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये मिळू शकतात. महिन्याला हे 5,000 होतात आणि पुण्यात खोलीचे भाडे व दोन वेळचा डबा यांतच ते संपतात. तरीही रकमेपेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. घरमालक डिपॉझिट जूनमध्ये मागतो, मेसवाला पहिल्या तारखेला मागतो, आणि शासनाचा हप्ता अनेकदा सत्र उलटून गेल्यावर खात्यावर जमा होतो. वसतिगृहात राहणाऱ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. 2018 मध्ये शहरांतील आदिवासी वसतिगृहांच्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यावर देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा नेला होता, आणि त्यामागे हीच भीती होती.

तेव्हा आराखड्यात सर्वांत वर एक फिरता निधी असावा. सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी 15,000 रुपये धरले तर 90,000 रुपये लागतात, आणि एखाद्या दोन दिवसांच्या परिषदेच्या मांडवावर, शाली-श्रीफळांवर आणि जेवणावळीवर संस्था याहून अधिक खर्च करतात. रक्कम बिनव्याजी द्यावी, जामीनदार मागू नये आणि शिष्यवृत्ती आली की ती परत घ्यावी. एखादी परत आली नाही तर संस्थेने ती सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट अगदी कारकुनी आहे आणि म्हणूनच कोणी तिच्याकडे पाहत नाही. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर भरलेला अर्ज पुढे विभागाकडे जाण्यापूर्वी संस्थेच्या लिपिकाच्या आणि प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये मंजुरीसाठी थांबतो. तुमच्या संस्थेत तो सरासरी किती दिवस थांबतो, हे एकदा स्वतः बसून मोजा. विद्यार्थी ज्या दिरंगाईसाठी शासनाला बोल लावतो, तिच्यातील काही आठवडे आपल्याच इमारतीत गेलेले असतात. पैशाच्या मुदतीवरून जागा कशी हातची जाते याचे उदाहरण देशाने पाहिले आहे. धनबादच्या आय.आय.टी.त 17,500 रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून एका दलित विद्यार्थ्याची जागा गेली होती, आणि ती परत मिळवण्यासाठी 2024 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाला आपला विशेष अधिकार वापरावा लागला. प्रत्येक विद्यार्थी न्यायालयापर्यंत पोहोचत नाही.

जातीचा दाखला खरा असल्याची पडताळणी करून मिळणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राचेही असेच. ज्या घरातील पणजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्या घराने 1950 पूर्वीचा शाळेचा दाखला आणायचा कुठून? ॲफिनिटी टेस्ट, म्हणजे जमातीच्या चालीरीतींशी नाते जुळते का हे पाहणारी चाचणी, ही जमात ठरवण्याची एकमेव कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात 2023 च्या मार्चमध्ये स्पष्ट केले असले, तरी तारखा पडतात आणि विद्यार्थ्याला वर्ग बुडवून जावे लागते. सुनावणीचा दिवस हजेरीत धरावा, एवढा एक ओळीचा निर्णय तुमची विद्या परिषद घेऊ शकते. इंग्रजीचे वर्ग जरूर घ्या, पण ते सर्वांसाठी खुले ठेवा. केवळ आदिवासी मुलांसाठी साडेपाचचा वर्ग लावला, तर त्या वर्गाला काय नाव पडेल हे तुम्ही माझ्याइतकेच जाणता.

प्रश्न : सर, मी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आहे आणि एम.बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. ग्रुप डिस्कशनमध्ये मला बोलताच येत नाही. एकदा एक जण हसत म्हणाला, 'तुला काय, तुझा कोटा आहे.' नऊ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मात्र आमच्यापैकी तिघांना तारपा नृत्य बसवायला सांगितले. मी कुठला आहे हे वर्गात सांगावे की नाही?
– एक विद्यार्थी

उत्तर : सांगावे की नाही, हे सर्वस्वी तुझे आहे. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. वर्गात बसलेला मारवाडी पेढीचा मुलगा आपल्या आजोबांची गोष्ट रोज सांगत नाही, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारतही नाही.

तारप्याची गंमत मात्र मला खरोखर वाटली. तारपा हे पालघर-डहाणूकडील वारल्यांचे वाद्य आहे. आंबेगावच्या महादेव कोळी किंवा ठाकर मुलांनी तो वाजवावा ही अपेक्षा, कोल्हापूरच्या मुलाला दशावतार कर म्हणून सांगण्यासारखी आहे. ही सूचना ज्यांनी केली त्यांना पुण्यातच, क्वीन्स गार्डन परिसरात, 1962 पासून काम करणारी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे एक संग्रहालयही आहे, हे नम्रपणे सांग. एका दुपारच्या फेरीत त्यांना कळेल की महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची संख्या 2011 च्या जनगणनेनुसार एक कोटी पाच लाखांच्या घरात होती, आणि एवढे लोक एकाच वाद्यावर नाचत नाहीत.

कोट्याबद्दल : राज्यात अनुसूचित जमातींसाठी 7 टक्के आणि केंद्रीय संस्थांत साडेसात टक्के जागा राखीव आहेत. त्या प्रवेशासाठी आहेत. तिथून पुढे तुझी उत्तरपत्रिका इतरांच्याच गठ्ठ्यात तपासली जाते आणि उत्तीर्ण होण्याचे गुणही तेच असतात. हे एकदा शांतपणे बोलून दाखव. चेष्टा वारंवार होत असेल तर तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेव आणि संस्थेच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाकडे लेखी तक्रार देऊन पोच घे. तोंडी तक्रारीचे नंतर काहीच शिल्लक राहत नाही.

बोलण्याची भीती हळूहळू जाईल. आदल्या संध्याकाळी दोन मित्रांबरोबर चर्चेला येणारी केस, म्हणजे अभ्यासासाठी दिलेला प्रसंग, वाच, तुझे म्हणणे आधी मराठीत लिही, आणि चर्चा सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एक तरी वाक्य बोल, मग ते प्रश्न का असेना. उशीर केला की मुद्दे संपतात आणि धीरही खचतो. आणखी एक. खेळते भांडवल, आगाऊ उचल, वाळल्यावर घटणारे वजन, एकाच खरेदीदारापुढे विकणाऱ्याची होणारी अडचण, हे सारे तुझ्या घरी बाळहिरडा विकताना तू पाहिलेले आहेस. वर्गातील बहुतेकांना ते पुस्तकातच भेटते. ते उदाहरण तुला योग्य वाटेल तेव्हा वापर. दर तासाला 'आपल्या आदिवासी मित्राला काय वाटते' असे विचारू लागले, तर नाही म्हणायलाही शीक.

प्रश्न : आमच्या संस्थेने भीमाशंकर परिसरातील एक आदिवासी गाव दत्तक घेण्याचे ठरवले आहे. विद्यार्थी तेथील हिरड्याचे ब्रँडिंग, पॅकिंग आणि ऑनलाइन विक्रीचा आराखडा करतील. एका कंपनीकडून सी.एस.आर. निधीही मिळणार आहे. भागीदारी यशस्वी होण्यासाठी काय काळजी घ्यावी?
– उपक्रम समन्वयक, पुणे

उत्तर : प्रथम 'दत्तक' हा शब्द काढून टाका. ज्या गावाला आई-बाप आहेत ते गाव दत्तक जात नाही. हा शब्दच्छल वाटेल, परंतु पुढचे सारे या शब्दातून घडते. दत्तक घेणारा ठरवतो आणि घेतलेला आभार मानतो.

आता ठरवतो कोण, याकडे वळू. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तुमचे गाव त्यांत असेल तर तेथे ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे 2014 चे नियम लागू आहेत, आणि गौण वनोपजावरील, म्हणजे हिरड्यासारख्या जंगलातील मालावरील, मालकी ग्रामसभेची आहे. गौण वनोपजाचा हक्क देणारा वनहक्क कायदा 2006 चा आहे आणि तो अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू होतो. म्हणजे ज्या मालाचे ब्रँडिंग तुम्ही करणार, त्याचा मालक कोण हे कायद्याने सांगून ठेवले आहे. तुमच्या पत्रात कंपनी आहे, संस्था आहे, विद्यार्थी आहेत. ग्रामसभेचा उल्लेख मात्र शोधूनही सापडला नाही.

म्हणून माझी सूचना अशी की पहिले वर्षभर काहीही विकू नका. एप्रिल-मे मध्ये हिरड्याच्या हंगामात चार विद्यार्थी गावात राहोत. झाडावर कोण चढते, खाली कोण गोळा करते, अंगणात वाळवताना वळीव आला तर किती माल काळा पडतो, व्यापारी उचल कधी देतो आणि तिची वसुली कशात करतो, आदिवासी विकास महामंडळाची खरेदी सुरू असली तरी माणसे व्यापाऱ्याकडे का जातात, हे त्यांनी पाहावे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा भावात मिळत नाही, ते रोख पैसा कधी हातात पडतो यात मिळते. औषधाला किंवा लग्नाला मध्यरात्री पैसे देणारा माणूस आणि पावती देऊन नंतर पैसे पाठवणारे केंद्र यांची बरोबरी चार आणे जास्त भावाने होत नाही. ज्याला हे कळले नाही त्याने केलेले सुंदर वेष्टन गोदामात पडून राहते. असे दोन उपक्रम मी जवळून पाहिले आहेत, एकाच्या छापील पिशव्या पुढे कोणीतरी भाजी आणायला वापरत होते.

त्यानंतर ग्रामसभेला विचारा की तुम्हाला आमच्याकडून काय हवे आहे, आणि उत्तर ब्रँडिंग नसेल याची तयारी ठेवा. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे उन्मळून पाडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना आंदोलने करावी लागली. कोणाची किती झाडे, दरवर्षी उत्पन्न किती, याची विश्वासार्ह नोंद असणे किती मोलाचे असते हे तेव्हा दिसले. अशी नोंदवही उभी करायला मदत करा, असे गाव म्हणेल. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के अबंध, म्हणजे ठरावीक योजनेशी न बांधलेला, निधी थेट मिळतो, त्याचे हिशेब लिहायला शिकवा, असेही म्हणेल. दोन्ही कामे व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्याला शोभणारी आहेत, मात्र त्यांचे छायाचित्र चांगले येत नाही आणि सी.एस.आर. अहवालात ती मागे पडतात. कंपनीच्या प्रतिनिधीला हे समजावणे हेच समन्वयक म्हणून तुमचे खरे काम.

गावाने स्वतः व्यवसाय चालवल्याचे उदाहरण पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथे जा. या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि तिने बांबू स्वतः विकला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वानुमते होतात. त्याला वेळ लागतो. सेमिस्टरच्या सोळा आठवड्यांत बसणारा प्रकल्प घेऊन गेलेल्या संस्थेला तिथे काही मिळणार नाही, आणि तुमच्या गावातही ही अडचण येईल. विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत राहतील, म्हणून निदान एक शिक्षक पाच वर्षे या कामावरून हलवू नका. गावाला दरवर्षी नव्या चेहऱ्यांना तीच माहिती पुन्हा सांगायला लावणे हा छळ आहे.

करार लेखी करा, मराठीत करा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. त्यात तीन गोष्टी असाव्यात. माहिती कोणाची आणि ती प्रसिद्ध करण्यापूर्वी संमती कोण देणार. माहिती देणाऱ्याच्या बुडालेल्या दिवसाची मजुरी कोण देणार. आणि गावाला भागीदारी मोडायची झाली तर ती कशी मोडता येईल. तिसरे कलम लिहिताना संस्थेचे कायदा सल्लागार कुरकुर करतील, तरी ते लिहा. शक्य असेल तर गावातील एखाद्या जाणत्या बाईला वर्षातून चार व्याख्याने द्यायला बोलवा आणि बाहेरच्या तज्ज्ञाला देता तेवढेच मानधन द्या.

प्रश्न : कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील विद्यापीठांत मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्था असते, असे ऐकले. आपल्याला त्यातून काही घेता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काही घेता येईल, पण तिथली पार्श्वभूमी वेगळी आहे. कॅनडात मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत कोंबल्याच्या इतिहासाची चौकशी सत्य आणि समेट आयोगाने केली आणि 2015 मध्ये 94 शिफारशी मांडल्या. त्यातील 92 वी थेट उद्योगजगताला उद्देशून आहे. प्रकल्पापूर्वी मूलनिवासी समाजाची मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती घ्या, नोकरी व प्रशिक्षणात समान संधी द्या, आणि आपल्या व्यवस्थापकांना हा इतिहास शिकवा, असे ती सांगते. तिथल्या व्यवसाय शाळा हे काम अंगावर घेताना या शिफारशीचा आधार घेतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे 2012 पासून मूलनिवासी उद्योजकांसाठी 'मुर्रा' हा अभ्यासक्रम चालतो. तो आधीच व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे घोडेगावचा दुकानदार किंवा जलाशयावरील मासेमारी संस्थेचा अध्यक्ष यांच्यासाठी कोणत्या व्यवस्थापन संस्थेने शनिवार-रविवारचा वर्ग उघडला आहे? सहकाराचे प्रशिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था आपल्या शहरातच आहे, तिच्याशी हातमिळवणी करता येईल.

शब्दाविषयी एक टीप. मूलनिवासींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा 2007 मध्ये संमत झाला तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु भारतातील सर्वच लोक येथील मूलनिवासी आहेत अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने त्या वेळी विरोधात मत दिले होते. त्यामुळे कोणाच्या घोषणेवर भाळून जाऊ नये.

प्रश्न : फी माफ, जागा राखीव, आता आणखी वेगळा निधी आणि वेगळे कक्ष. गरीब मुले सर्वच जातींत असतात. हा इतरांवर अन्याय नाही का?
– एक पालक, सदाशिव पेठ

उत्तर : गरीब मुले सर्वत्र असतात हे खरे, आणि वर सुचवलेला फिरता निधी सर्व गरजू विद्यार्थ्यांना खुला ठेवायला माझी हरकत नाही. विद्यापीठाची कमवा व शिका योजनाही सर्वांसाठीच आहे. परंतु जात वैधतेच्या तारखांना जाणे, वर्गात आपल्या जमातीची थट्टा ऐकणे आणि पोटासाठी वीटभट्टीवर गेलेल्या आई-वडिलांचा ठावठिकाणा सहा महिने नीट माहीत नसणे, या अडचणी सर्व गरिबांच्या वाट्याला येत नाहीत. मुळशी-मावळातील किती कातकरी मुले-मुली आजवर आपल्या पाल्याच्या वर्गात बसली, हे त्याला विचारून पाहा.

प्रश्न : साहेब, माझी मुलगी बी.कॉम. झाली. तिला एम.बी.ए. करायचे आहे. पुण्यात पाठवायचे तर कर्ज काढावे लागेल, असे लोक सांगतात. जमीन गहाण ठेवावी का?
– एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, जमीन गहाण ठेवू नका. मुलीला राज्याची एम.बी.ए. सी.ई.टी. द्यायला सांगा आणि प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, घ्या. एखादा एजंट संस्थेच्या कोट्यातून लगेच जागा देतो म्हणाला तर नको म्हणा, कारण त्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही आणि सारी फी तुमच्या अंगावर येते. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते या चार गोष्टी प्रवेशाच्या आधी पुऱ्या करा. वैधतेचा अर्ज अजून केला नसेल तर या आठवड्यातच करा, त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन पुण्यातील मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा. वसतिगृहाचा अर्ज आधी भरा. जागा मिळाली नाही तर स्वयम् योजनेसाठी त्याचा उपयोग होतो.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेत एकदा प्रत्यक्ष जा. शिष्यवृत्तीचे अर्ज कोण पाहतो ते विचारा आणि त्या माणसाला भेटा. गेल्या वर्षी आदिवासी मुले किती आली आणि त्यांतील किती दुसऱ्या वर्षाला गेली, हेही विचारा. जाताना मुलीला बरोबर न्या. हे प्रश्न तिने विचारले तर अधिक बरे, पुढे दोन वर्षे त्या खिडकीपुढे तिलाच उभे राहायचे आहे.